मिस्त्रीचा राउटर साइटवर जळाला, भरपाई कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ दोन वर्षांपासून नाशिकला फ्लॅटच्या आतल्या कामांचे छोटे ठेके घेतात. हाताखाली तीन सुतार, दोन फरशीवाले आणि एक इलेक्ट्रिशियन. सगळे आपापली हत्यारं घेऊन येतात. गेल्या आठवड्यात एका सुताराचा राउटर (लाकडात खाचा मारायचं मशीन) काम करता करता जळाला आणि तो साडेचार हजार रुपये मागतोय. 'मशीन त्याचं, मग पैसे मी का द्यायचे? की रोजची कटकट नको म्हणून सगळी मशीनं मीच घेऊन ठेवू?'

मी पुण्यात २४ वर्षं हेच काम करतोय, त्यातली पहिली सहा दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर म्हणून. या दोन्ही प्रश्नांवर मी स्वतःच्या खिशातून फी भरलेली आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी राउटरचं. तो कशाने जळाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. सुताराला बरोबर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा आणि दोघांच्या देखत मशीन उघडायला लावा. कार्बन (मोटरचे ब्रश) झिजून पार संपलेत, ते जिथे घासतात त्या कम्युटेटरवर खाच पडलीय, बेअरिंग खडखडतंय असं निघालं, तर ते मशीन आज ना उद्या जाणारच होतं. तुमच्या साइटवर गेलं एवढंच. तो खर्च त्याचा. पण कार्बन चांगले आहेत, बेअरिंग मोकळं फिरतंय आणि तरी आर्मेचर आणि फील्ड (मोटरची फिरती आणि स्थिर गुंडाळी) दोन्ही काळे पडलेत, तर आधी साइटच्या लाइटवर संशय घ्या. सुताराला विचारा, तेव्हा अजून काय काय चालू होतं? कोणाचा चार्जर गेला का? बल्ब एकदम प्रखर झाला होता का?

हे विचारायला मी का सांगतोय ते ऐका. एका नव्या बिल्डिंगमध्ये आमचं काम चालू होतं, तात्पुरतं थ्री-फेज कनेक्शन. खालच्या बोर्डात न्यूट्रलची वायर ढिली होती. दुपारी जेवणानंतर हॅलोजन अचानक बघवणार नाही इतका पेटला आणि फुटला. पुढच्या पाच मिनिटांत दोन ड्रिल, एक कटर आणि चार मोबाइलचे चार्जर गेले. न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं, आणि घरगुती आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बिचारा ते बघतच राहतो. त्याचं ते कामच नाही. त्या दिवशी सगळ्यांची मशीनं मी मुकाट्याने भरून दिली. लाइट माझी होती, बोर्ड माझा होता, आणि काड्यापेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवलेल्या वायरी सकाळपासून मी बघत होतो. वरून बोलायला तोंडच नव्हतं.

दुसरं कारण त्याहून साधं. लांब आणि बारीक वायर. खालच्या मजल्यावरून चाळीस-पन्नास मीटर हलकी वायर ओढून त्यावर मोठा ब्रेकर (भिंत-काँक्रीट फोडायचं मशीन) लावला की मशीनला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ते सुस्त चालतं, माणूस अजून दाब देतो, आणि आर्मेचरचं वॉर्निश जळाल्याचा तो गोडसर वास सुटतो. गुंडाळी न सोडता वायर वापरली तर ती वेगळीच तापते. या दोन्ही गोष्टी ठेकेदाराच्या हातातल्या आहेत, सुताराच्या नाहीत. आणि तिसरं: राउटर छोटा, ट्रिमरसारखा, आणि तुम्ही त्याच्याकडून अख्ख्या सागवानी दाराची खाच एका फेरीत मारून घेतली असेल, तरी तो खर्च तुमच्याच अंगावर येतो. काम तुम्ही ठरवलंत.

एवढं झाल्यावरही नक्की कळलं नाही तर मी निम्मं-निम्मं करतो. दुरुस्तीचं निम्मं, नव्या मशीनचं निम्मं नाही. आर्मेचर बदलून राउटर चालू होत असेल तर साडेचार हजारांचा प्रश्नच उरत नाही.

आता मोठा प्रश्न, हत्यारं कोणाची असावीत हा. यात सगळ्यांची गफलत होते ती 'हत्यार' या एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळे.

हाताचं हत्यार मिस्त्रीचंच असू द्या. त्यात पडूच नका. गवंड्याची थापी, गुरमाळा, ओळंबा, गुण्या. सुताराचा रंधा, पटाशी, करवत, वाकस. सळईवाल्याचा तार पिळायचा हूक. ही वस्तू हाताला लागलेली असते. जुन्या गवंड्याची थापी एका बाजूने तिरकी झिजलेली असते, कारण तो वीस वर्षं एकाच कोनात माल मारतोय. ती दुसऱ्याच्या हातात दिली की दुसऱ्याचा गिलावा लाटा मारतो. सुतार स्वतःची पटाशी दुसऱ्याला देत नाही, आणि देऊही नये. तुम्ही नवीकोरी आणून दिलीत तरी तो आठ दिवस ती घासत बसेल आणि शेवटी पिशवीतून स्वतःचीच काढेल.

उलट या पिशवीचा तुम्हाला फायदा आहे. मजूर अड्ड्यावरून नवा माणूस घेताना मी त्याला अनुभव किती असं विचारत नाही, सगळे दहा वर्षं सांगतात. मी म्हणतो, पिशवी दाखव. थापीला कालचं सिमेंट सुकून चिकटलंय? ओळंब्याच्या दोरीचा गुंता झालाय? मग बिगारीच्या रोजावर ठीक आहे. थापी धुऊन पुसलेली, ओळंब्याची दोरी गिरकीवर (भिंतीला टेकवायच्या लाकडी तुकड्यावर) नीट गुंडाळलेली, पटाशीच्या धारेला चिंधी बांधलेली, तर रोज दोन रुपये जास्त मागितला तरी द्या. एकदा एक साठीचा गवंडी आला, सोलापूरकडचा. त्याच्या पिशवीत ओळंब्याची लाकडी गिरकी होती, तिच्या एका कडेला त्याने पत्र्याची बारीक चकती ठोकून बसवली होती. विचारलं, हे काय? म्हणाला, 'लाकूड झिजलं साहेब, गोळा आणि गिरकी सारखी नको का? नाहीतर भिंत खोटं बोलंल.' त्या माणसाने माझ्याकडे सात वर्षं काम केलं, आणि त्याच्या भिंतीला मी परत ओळंबा लावल्याचं आठवत नाही.

मापाची साधनं मात्र सगळी तुमची, ही दुसरी गोष्ट. लेझर लेव्हल, मोठी ॲल्युमिनियम पट्टी, स्पिरिट लेव्हल, आणि टेपसुद्धा. लोक इथे हसतात. दोनशे रुपयांचा टेप कशाला घेऊन द्यायचा? कारण टेपच्या टोकाचा हूक पडून पडून वाकलेला असतो. सुताराचा टेप दोन मिलिमीटर कमी दाखवतो, फरशीवाल्याचा एक मिलिमीटर जास्त, आणि किचनची मापं घेऊन गेलेल्या फॅक्टरीच्या माणसाचा तिसराच. मी एकदा या भानगडीत तयार होऊन आलेल्या किचनच्या शटरला पाच मिलिमीटरची फट बघितली आहे. तिघेही आपापल्या टेपची शपथ घेत होते आणि तिघेही खरं बोलत होते. तेव्हापासून साइट सुरू होताना मी एकाच दुकानातून एकाच कंपनीचे टेप घेतो, सगळे एका पट्टीवर शेजारी शेजारी लावून बघतो आणि वाटतो. लेव्हल तपासायची तर ती भिंतीवर लावायची, बुडबुडा बघायचा, मग टोकं उलटी करून त्याच जागी परत लावायची. बुडबुडा दुसरीकडे गेला तर लेव्हल फेकायची. मिस्त्रीची स्वतःची लेव्हल असेल तर तिलाही हीच परीक्षा, लाजायचं नाही.

मशीनांवर आता येतो. तुमच्यासारखाच विचार करून २०११ साली मी सगळी मशीनं स्वतः घेतली. तीन कटर, दोन राउटर, चार ड्रिल, दोन ग्राइंडर, एक मोठा ब्रेकर. पेटीवर माझं नाव रंगवलं, फार अभिमान वाटला. नऊ महिन्यांत निम्मी मशीनं भंगारात. कोणी मुद्दाम मोडत नव्हतं, पण कार्बन संपत आले की ठिणग्या उडतात, आवाज बदलतो. ज्याचं मशीन आहे त्याला तो आवाज झोपेतही कळतो. 'शेठचं' मशीन असलं की तो आवाज कोणालाच ऐकू येत नाही. त्यातून एक मशीन चार जणांच्या हातात, सकाळी कोणाला आधी यावरून भांडण, आणि एक साइट संपवून दुसऱ्या साइटवर न्यायला रिक्षा. भाडं आणि दुरुस्ती मिळून त्या वर्षी मी जे घालवलं त्यात तेवढीच मशीनं परत आली असती.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो: ज्याचं मशीन त्याने आणावं, त्यानेच सांभाळावं, मला विचारू नका. हे तर त्याहून वाईट ठरलं. का ते पुढे सांगतो.

आता माझ्याकडे असं चालतं. ज्या मशीनवर मिस्त्रीचा हात रोज असतो (सुताराचा कटर-राउटर, फरशीवाल्याचा मार्बल कटर, इलेक्ट्रिशियनचा ड्रिल) ते त्याचं. मात्र मी त्याचं भाडं वेगळं देतो, रोजात मिसळून नाही. सुताराला रोजाशिवाय दिवसाला साठ रुपये मशीनचे, फरशीवाल्याला पन्नास, आणि शनिवारच्या खर्चीच्या (आठवड्याच्या उचलीच्या) कागदावर ती ओळ वेगळी असते. आकडा तुमच्याकडे वेगळा असेल. साधारण मशीनची किंमत आणि ते किती महिने टिकतं याचा भागाकार करा आणि त्यात कार्बन-बेअरिंगचे थोडे घाला. वेगळी ओळ लिहिण्याचा फायदा असा की मशीन जुनं होऊन गेलं तर भांडण उरत नाही. झीज तुम्ही रोज भरत आलात. तुमच्या सुताराला असं भाडं मिळत असतं तर साडेचार हजारांची मागणीच आली नसती, आणि आली असती तर तुम्हाला उत्तर देता आलं असतं. अंगावर, म्हणजे फुटाच्या दराने काम दिलं असेल तर भाडं दरातच धरलेलं असतं, पण तेही दर ठरवताना तोंडाने बोलून घ्या: 'यात मशीन तुझं, लाइट माझी.'

मोठी आणि क्वचित लागणारी मशीनं, म्हणजे ब्रेकर, मिक्सर, व्हायब्रेटर, फरशी घासायचं मशीन, ही तुम्ही आणा, आणि विकत नका घेऊ, भाड्याने आणा.

आता ब्लेड. ब्लेड, बिट, ग्राइंडरची चकती, राउटरचं कटर, पॉलिश पेपर हे सगळं कायम तुमच्या पैशाने. या एका गोष्टीवर मी कधीच घासाघीस करत नाही. मिस्त्रीला स्वतःच्या पैशाने ब्लेड आणायला लावलंत तर तो ते दात पडेपर्यंत चालवतो. त्याची चूक नाही, दिवसाच्या रोजातले दोनशे रुपये कोण सोडेल? बोथट ब्लेड प्लाय कापत नाही, जाळतं. कडा काळी पडते, माणूस जोर लावतो, ब्लेड अडकतं आणि मशीन हातातून उसळतं. चकतीचंही तेच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. सात इंची चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात ८,५००. मोठ्या मशीनवर झिजून लहान झालेली सात इंची चकती, भोकात वॉशर बसवून, गार्ड काढून चार इंची ग्राइंडरवर लावलेली मी डोळ्यांनी बघितली आहे, कारण काय, तर नवी चकती ठेकेदार देत नाही. चाळीस रुपयांसाठी. माझा नियम असा आहे की जुनं ब्लेड दाखवलं की नवं मिळतं, प्रश्न विचारला जात नाही. जुनं मी माझ्या गाडीत टाकतो, नाहीतर ते परत चढतं.

आणि चष्मा, हेल्मेट, बूट, मास्क, उंचीवर काम असेल तर कमरेचा पट्टा नाही, पूर्ण हार्नेस. हे सगळं तुमचं. 'तुझा चष्मा तू आण' हे वाक्य ठेकेदाराच्या तोंडात शोभत नाही. ग्रॅनाइट कापताना उडणारी पांढरी पूड छातीत बसते ती कायमचीच. कटरवर पाणी सोडायला लावा, आणि पाणी सोडलंत तर त्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. दोन पिनांचं, डबल इन्सुलेशनचं मशीन असलं तरी. ओल्या हातात, फाटक्या वायरीचं डबल इन्सुलेशन काही कामाचं नसतं.

आता ती 'मला विचारू नका' वाली गोष्ट. २०१४ चं साल. एका सुताराला मी फुटाने वॉर्डरोबचं काम दिलं होतं. मशीन त्याचं, हेल्पर त्याचा, त्या पोराचा रोजही तोच द्यायचा. पोरगा माझ्या हजेरीवर नव्हता, त्याचं पूर्ण नावही मला माहीत नव्हतं. आपल्याकडे बरेच सुतार मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून प्लाय कापतात. तुमचेही कापत असतील, जाऊन बघा. ते मशीन दगडासाठी आहे. डायमंड ब्लेडला दात नसतात, ते दगड घासत जातं. दातेरी ब्लेड त्याच वेगात लाकडात गेलं आणि प्लायने त्याला दोन्हीकडून चिमटलं की मशीन मागे उडी मारतं. त्यातून रेष दिसत नाही म्हणून सुताराने गार्ड काढून ठेवला होता. आठ फुटी शीट विटांवर ठेवलेली, पोराने डाव्या हाताने टोक धरलेलं. तर्जनीची दोन पेरं गेली. मी दुसऱ्या साइटवर होतो. पोचलो तेव्हा गार्ड खिडकीत होता, त्यात कोणीतरी खिळे ठेवले होते.

सुतार म्हणाला, माझं मशीन, मी बघतो. बघायला त्याच्याकडे काही नव्हतं. वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं की कायदा मशीन कोणाचं हे विचारतच नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली का, एवढंच विचारतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातच अशी तरतूद आहे की तुम्ही तुमच्या धंद्यातलं काम दुसऱ्या ठेकेदाराकडून करून घेतलंत तरी त्याच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, मागता येते. मग तुम्ही ती त्या ठेकेदाराकडून वसूल करा, होत असेल तर. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण सूत्र तेच. मी भरले. सुताराकडून आजवर एक रुपया वसूल झालेला नाही, आणि मी मागितलाही नाही, खोटं कशाला बोलू.

आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून हिशेब देतो. ३० वर्षांचा कामगार, महिन्याची मजुरी १५,००० धरा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. परिशिष्टात प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. पूर्ण तर्जनीला १४ टक्के, दोन पेरांना ११. एका फ्लॅटच्या कामात तुम्हाला उरतं किती ते तुम्हीच बघा.

यातून सुटायला अपवाद आहेत. कामगार दारू पिऊन होता, किंवा सुरक्षेचं साधन त्याने जाणूनबुजून काढून टाकलं, तर भरपाई नाकारता येते. पण माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हे अपवाद लागू होत नाहीत. आणि 'जाणूनबुजून' हे सिद्ध करायला तुम्ही आधी गार्ड लावायला सांगितलं होतं याचा पुरावा हवा. माझ्याकडे तो नव्हता, कारण मी सांगितलंच नव्हतं. 'ज्याचं मशीन त्याने बघावं' हेच माझं धोरण होतं.

म्हणून आता मशीन कोणाचंही असो, साइटवर आलं की पहिल्या दिवशी ते माझ्या हाताखालून जातं. गार्ड आहे का, वायरीला जोड किती, प्लग आहे का नुसत्या तारा, बटण सोडल्यावर बंद होतं की अडकून राहतं. दोन मिनिटांचं काम. गार्ड नसेल तर मी माझ्या पैशाने घेऊन देतो, पण त्याशिवाय मशीन चालू होत नाही. प्लायसाठी दोन साइट मिळून एक साधा सर्क्युलर सॉ आणि कापायचं टेबल मी घेतलं, मोठ्या मशीनांतला तो एक अपवाद. सुतार पहिले पंधरा दिवस कुरकुरले. मग कड इतकी स्वच्छ येते म्हटल्यावर सोडायला तयार होईनात.

विमा घ्या. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी जाहीर केलेल्या मजुरीवर मिळते, एका कामापुरतीही मिळते. घेताना अंगावर काम करणाऱ्यांचे हेल्परही त्यात लिहून घ्या. बांधकामाच्या सर्वसमावेशक पॉलिसीत कामगाराची स्वतःची मशीनं आपोआप धरलेली नसतात, तेही एजंटला तोंडावर विचारून घ्या.

एक उलटा प्रश्न बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो: 'हत्यारं त्याची म्हणजे तो स्वतंत्र ठेकेदार, माझा कामगार नाही ना?' असं सरळ नसतं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका शिलाईच्या दुकानातल्या शिंप्यांचा खटला आला होता. ते नगावर काम करायचे आणि मशीनं बहुतेक मालकाची होती. न्यायालयाने मशीन कोणाचं याला महत्त्व दिलं, पण त्यासोबत काम कोण तपासतं, नापसंत पडलं तर परत करायला कोण लावतं, हेही बघितलं. तुमचा सुतार रोज नऊ वाजता येतो, तुम्ही सांगाल ते करतो, दुसरीकडे जायचं तर तुम्हाला विचारतो. पिशवी त्याची आहे म्हणून त्याला ठेकेदार म्हणाल तर कोणी ऐकणार नाही.

आणि पगारातून कापण्याबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळी मशीनं स्वतः घेतलीत की पुढच्या महिन्यात हेच मनात येणार. १९३६ च्या वेतन कायद्यात स्पष्टच होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे: कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल पुरवणं ही 'सेवा' धरून तिच्यापोटी मजुरीतून कपात करता येत नाही. म्हणजे 'मशीन माझं वापरतोस, दिवसाला तीस रुपये कापतो' हे बेकायदा. मोडतोडीचे पैसे कापायचे तर ती वस्तू त्याच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेलं असलं पाहिजे, कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे आणि झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. शनिवारी खर्ची वाटताना रागाच्या भरात पाचशे कमी हातावर ठेवणं यात कुठेच बसत नाही.

चोरीचं थोडक्यात. साइटला कुलूप लागणारी एक खोली किंवा लोखंडी पेटी तुम्ही देणार, किल्ली मुकादमाकडे. पेटीत ठेवलेलं गेलं तर तुमचं, बाहेर राहिलेलं गेलं तर त्याचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. शंभर पानी वही: मशीन, कंपनी, नंबर, कोणाचं, कधी आलं, सही. मोबाइलवर नंबरपट्टीचा फोटो. बहुतेकांकडे बिल नसतं, सेकंडहँड घेतलेलं असतं. तक्रार द्यायची वेळ आली तर हा फोटोच काय तो कामाला येतो. राहत्या सोसायटीत काम असेल तर ही वही दुप्पट कामाची. संध्याकाळी वॉचमन गेट पासशिवाय मशीन बाहेर सोडत नाही, आणि आपलंच मशीन घेऊन निघालेल्या माणसाला चोरासारखं उभं केलेलं बघवत नाही. मी सेक्रेटरीकडे पहिल्या दिवशी यादीची प्रत देतो आणि संध्याकाळी सहानंतर फोन चालू ठेवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं एका सतरंजीवर मांडतात, थापीपासून राउटरपर्यंत, हळदकुंकू, झेंडू. बिहारकडचे सुतार १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात, तीही होते. मी पूजेच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्याला साइटवर बोलावतो. सगळ्यांचे कार्बन बदलायचे, वायरी बघायच्या, ग्रीस भरायचं, बिल माझं. हजार-दीड हजारात बारा-पंधरा मशीनं होतात आणि पूजेला ती कशी चकचकीत दिसतात!

राहता राहिला तुमच्या सुताराचा नवा राउटर. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि राजमिस्त्री दोन्ही धंदे आहेत. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पुढे पाच टक्क्यांनी आधी एक लाखापर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं, नोंदणी सीएससी (सरकारी सेवा) केंद्रात होते, ती सध्या चालू आहे का ते आधी विचारा. त्याच्याकडे वेळ असेल तर त्याला घेऊन जा. आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी नसेल तर तीही करून घ्या. १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला तुमच्यासारखा ठेकेदार देऊ शकतो. खरे दिवस मोजा, हजेरीच्या वहीवरून, आणि सही करून द्या. राउटरचं भांडण मिटेपर्यंत तो अडकवून ठेवू नका.